लिम्फोमाचे उपचार संपले. आता ‘बरी’ म्हणून जगायचं कसं? (आणि स्थळांना सांगायचं का?)

चिंचपेटी | ११ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

मी सोलापूरची, वय एकोणतीस. हॉजकिन लिम्फोमा झाला होता, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. दुसरी स्टेज, मानेत आणि छातीत गाठी. एबीव्हीडी (चार औषधांची) किमो झाली, मग मानेला-छातीला रेडिएशन. सगळं आटोपून दोन वर्षं होऊन गेली. पेट स्कॅन स्वच्छ आहे. डॉक्टर फाईल बंद करत म्हणाले, “आता जा, मजा कर.”

नेमकं तिथंच अडलंय. आजारी होते तेव्हा निदान काय करायचं ते ठरलेलं असायचं: अमुक तारखेला रक्त, तमुक तारखेला डोस. आता सगळ्यांच्या लेखी मी बरी झाले, त्यामुळे कुणी काही विचारत नाही आणि मला काही सांगता येत नाही. सीएच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. दुपारी चारनंतर आकडे डोळ्यांपुढं नाचायला लागतात. झोपून उठलं तरी थकवा तसाच. वरिष्ठ म्हणतात, “अजून किती दिवस आजारपण सांगणार?”

आणि मानेला हात लावायची सवय जात नाही. साबण लावताना बोटं आपोआप गळपट्टीच्या हाडावर जातात. सर्दी झाली, जबड्याखाली जरा काही टणक लागलं की पुढचे चार दिवस तेच.

दुसरी गोष्ट स्थळांची. आईचं म्हणणं, “बरी झालीस ना? मग आपल्या तोंडानं कशाला सांगायचं? बायप्सीची खूण दागिन्यात झाकते.” अप्पा गप्प. मला सांगायचंय. पण कधी? पत्रिकेबरोबर, पहिल्या भेटीत, की जमत आल्यावर?

अनुभव असलेल्यांनी लिहावं. नसलेल्यांनीही लिहावं, पण ‘पॉझिटिव्ह राहा’ सोडून.

सातरस्ता | ९:५२

आयडीचा उलगडा झाला. वाचतोय.

बार्शीलाईट | १०:१५

ताई, मी तुमच्या चुलतघराण्यातला. नॉन-हॉजकिन, डीएलबीसीएल (बी-पेशींचा लिम्फोमा), २०१४. आर-चॉप किमो घेतली, दर एकवीस दिवसांनी. आज शेती, दुकान, दोन पोरं, सगळं व्यवस्थित चालू आहे.

उपचार चालू असताना मी रडलो नाही. संपल्यावर रडलो, तेही भर बाजारात हरभऱ्याचा भाव करताना. बायकोला वाटलं, भाव ऐकून रडतोय. नंतर आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की असं बऱ्याच जणांचं होतं. उपचार चालू असताना माणूस एकेक डोस मोजत पुढं जातो, विचाराला सवडच नसते. सवड मिळाली की मागचं सगळं एकदम अंगावर येतं. त्यामुळं ‘आता कशाला रडायचं’ असं स्वतःला विचारू नका.

हात लावायच्या सवयीवर माझा उपाय: रोज नाही, महिन्यातून एकदा. एक तारखेला आंघोळीआधी मान, काखा, जांघा तपासायच्या आणि विषय बंद. मधल्या दिवशी हात गेला तर “एक तारखेला बघू” म्हणायचं. पहिले काही महिने जमलं नाही. आता एक तारीखसुद्धा कधी कधी विसरतो.

अनघा_पुणे | १०:३१

स्थळांबद्दल स्पष्टच लिहिते. पहिल्या भेटीतच सांग, आणि तुझ्या तोंडून. जमल्यावर सांगितलंस तर ‘फसवलं’ हाच शब्द येणार, आजाराचं कुणी ऐकून घेणार नाही. आमच्या नात्यात वहिनीचं लहानपणीचं हृदयाचं ऑपरेशन लपवलं होतं. ऑपरेशनचं कुणालाच काही वाटलं नाही, लपवल्याचं अजून निघतं, दर दिवाळीला.

मंगळवेढ्याची_माई | १०:५८

अनघाताई, तुमचं बरोबर असेल. पण मी दोन्ही बाजू बघितल्यात. माझ्या मुलाला हॉजकिन झाला, बावीस वर्षांचा होता. चार वर्षांनी लग्न ठरलं. आम्ही मुलीकडच्यांना सगळे कागद दाखवले. ते म्हणाले, “बरा झालाय ना, मग काय!” आणि माझ्या बहिणीच्या मुलीला नुसता थायरॉईड, तर तीन स्थळं परत गेली. पुरुषाचा कॅन्सर बरा होतो आणि बाईची गोळीसुद्धा चालत नाही. तुझी आई लपव म्हणते ते खोटेपणानं नाही बाळा, ती गावाला ओळखून आहे.

तरी सांग असंच मी म्हणेन. फक्त आईवर रागावू नकोस.

धोटा | ११:०५

ताई राम राम. आमी यंत्रमागवाले, अशोक चौकाकडचे. डॉक्टरनी मजा कर म्हटलंय ना? मग गड्ड्याची जत्रा सुरू झालीय, आधी तिथं जावा. मोठ्या पाळण्यात बसावा. वर गेल्यावर कॅन्सर-बिन्सर काय आठवत नाय, खाली कधी येतो एवढंच आठवतंय.

आमच्या काकाला हेच हॉजकिन. त्याची गंमत सांगतो. संध्याकाळी ‘बसला’ की मान दुखायची. नाय प्याला की नाय दुखायची. काकू म्हणायची, सिद्धरामेश्वरानं शिक्षा दिली. काका म्हणायचा, ब्रँड बदलून बघतो. चार ब्रँड बदलले बे त्यानं, मग डॉक्टरकडं गेला.

सातरस्ता | ११:०९

काकांची संशोधक वृत्ती वाखाणण्याजोगी.

सूक्ष्मदर्शक | ११:४४

धोटाभाऊ, हसू नका, हे खरं लक्षण आहे. हॉजकिनच्या थोड्या रुग्णांत दारू घेतल्यावर गाठ दुखते. दुर्मिळ आहे, पण वैद्यकाच्या पुस्तकांत छापलेलं आहे. (मी पॅथॉलॉजिस्ट. लोकांच्या गाठी काचेवर बघणं हा माझा धंदा.)

चिंचपेटी, मानेला रेडिएशन झालंय म्हणालात. टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) शेवटचं कधी केलं? मानेवर किरण पडले की पुढच्या काही वर्षांत थायरॉईड मंदावणं अगदी नेहमीचं आहे. चार वाजता ढेपाळणं हे मनाचं, किमोचं की थायरॉईडचं, हे एका रक्ततपासणीत बरंच कळेल. ही तपासणी वर्षातून एकदा, आयुष्यभर.

आणखी दोन गोष्टी, ज्या डिस्चार्जच्या कागदावर बारीक अक्षरात असतात. एबीव्हीडीमधल्या ‘ए’ला आपल्याकडं लाल औषध म्हणतात, डॉक्सोरुबिसिन. ते हृदयाच्या स्नायूला त्रास देऊ शकतं. म्हणून त्याचा एकूण डोस मोजतात: दर वेळी शरीराच्या प्रति चौरस मीटर २५ मिलिग्रॅम, एका सायकलमध्ये दोनदा, सहा सायकल पुऱ्या झाल्या तर ३००. त्यात छातीलाही रेडिएशन झालेलं, तेव्हा टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) किती वर्षांनी करायचा ते डॉक्टरांना विचारून ठेवा. ‘बी’ म्हणजे ब्लिओमायसिन, त्याचा रोख फुफ्फुसांवर. पुढं कधीही, अगदी दाढेच्या किंवा बाळंतपणाच्या निमित्तानं भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञाला सांगायचं की ब्लिओमायसिन झालंय. जास्त ऑक्सिजन देताना ते सावध राहतात. हे पाकिटात लिहून ठेवा.

चिंचपेटी | १२ जानेवारी, सकाळी ७:२०

एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. काल रात्री आईला माईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती “हं” म्हणाली आणि भाकरी थापायला गेली. आमच्याकडं हे बरंच झालं.

सूक्ष्मदर्शक, टीएसएच किमोच्या आधी झालं होतं, नंतर नाही. करते.

ब्लिओमायसिनवरून आठवलं. माझ्या पाठीवर आजही तपकिरी रेघा आहेत. आजारात इतकी खाज सुटायची की मी फुटपट्टीनं पाठ खाजवायचे. किमोत त्या ओरखड्यांच्या रेघा काळ्या पडल्या. अजून पूर्ण गेल्या नाहीत. आधीचं वर्षभर त्या खाजेवर त्वचेच्या डॉक्टरांची मलमं लावत होते.

सूक्ष्मदर्शक | ८:०२

हो, तो ब्लिओमायसिनचाच शिक्का. आणि खाज हेही हॉजकिनचं लक्षण असू शकतं. ताप, रात्री कपडे भिजतील इतका घाम आणि सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजन उतरणं ही तीन मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावीत. नुसता घाम नव्हे. सोलापुरात मे महिन्यात सगळ्यांचेच कपडे भिजतात.

नीलमोहोर | ९:१५

माझ्या बहिणीच्या मानेतल्या गाठीला आधी टीबीची औषधं चालू केली. सुईनं पाणी काढून तपासलं, काही स्पष्ट आलं नाही, म्हणून ‘टीबी समजून’. गाठ जरा उतरल्यासारखी झाली, परत वाढली. अख्खी गाठ काढून तपासली तेव्हा लिम्फोमा निघाला. त्यात गेलेल्या महिन्यांचा राग तिला अजून आहे. कॅन्सरचा नाही, त्या महिन्यांचा.

सूक्ष्मदर्शक | ९:४०

नीलमोहोर, आपल्याकडं मानेच्या गाठीत टीबी इतका आढळतो की पहिला संशय तिकडं जाणं समजू शकतो. पुरावा नसताना औषधं चालू ठेवणं समजू शकत नाही. लिम्फोमात पेशी एकमेकींशेजारी कशा मांडल्यात हे बघावं लागतं. सुईत चार सुट्या पेशी येतात, मांडणी येत नाही. म्हणून शक्य असेल तिथं पूर्ण गाठ. आणि बायप्सीचा पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) आणि काचा हॉस्पिटलकडून मागून घ्या. पुढं कुठं दुसरं मत घ्यायचं झालं तर कागदी रिपोर्टपेक्षा तो मेणाचा ठोकळा कामाला येतो. फक्त उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका, एका रुग्णानं ठेवला होता.

हरितामृत | ११:२०

कोणीच मूळ कारणाकडे वळत नाही. कॅन्सर साखरेवर जगतो. पेट स्कॅनमध्ये साखरच टोचतात, यातच सगळं आलं. साखर, गूळ, फळं बंद करा आणि गव्हांकुराचा रस सकाळी उपाशीपोटी. माझ्या संपर्कातील अनेकजण पूर्ण बरे झालेत. नंबर व्यनितून (खासगी निरोपातून) देईन.

बार्शीलाईट | ११:४१

हरितामृत, माझं सगळं उसावर चालतं, माझ्यासमोर साखर बंद म्हणू नका.

सूक्ष्मदर्शक | १२:१०

पेटमध्ये जे टोचतात ते ग्लुकोजसारखा रेणू असलेलं किरणोत्सारी औषध. शरीरातली प्रत्येक पेशी ग्लुकोज वापरते. पेटच्या चित्रात मेंदू सगळ्यात झगझगीत दिसतो, म्हणून मेंदूला कॅन्सर झालाय असं होत नाही. साखर खाल्ली नाही तरी यकृत रक्तात ग्लुकोज सोडतच राहतं. किमोनंतर हाडं निघालेल्या माणसाची फळं बंद करून कॅन्सर उपाशी मरत नाही, माणूस मरतो. गव्हांकुराचा रस आवडत असेल तर प्या, पण कच्चे रस किमो चालू असताना आणि रक्तपेशींचे काउंट पडलेले असताना नकोत. जंतुसंसर्गाची भीती.

संपादक मंडळ | १२:३०

व्यनितून उपचारांचे नंबर देणे धोरणात बसत नाही. एक प्रतिसाद संपादित केला आहे. चर्चा चालू द्या.

धोटा | १२:३४

संपादक साहेब, पाळण्याचा प्रतिसाद ठेवलाव ना? तेवढं बघा.

काळाकोट | दुपारी २:०५

वकिलाच्या नजरेतून. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ नुसार, जोडीदाराविषयीची महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून, म्हणजे फसवणुकीनं संमती मिळवली असेल तर विवाह रद्द करून मागता येतो. फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. पूर्ण बरा झालेला आजार ‘महत्त्वाची वस्तुस्थिती’ ठरतो का, यावर कोर्टात दोन्ही बाजूंनी भांडता येईल, आणि मी दोन्ही बाजूंनी फी घेईन. तेव्हा सांगितलेलं स्वस्त.

सांगाल ते लेखी राहू द्या. नंतर “आम्हाला नीट सांगितलंच नाही” म्हणणारे फार. भेट झाल्यावर मेसेजमध्ये दोन ओळी पुरतात.

अनघा_पुणे | २:२०

काळाकोट +१. मेसेजची कल्पना आवडली.

वाटसरू | ४:४८

युवराज सिंगलाही लिम्फोमाच होता ना? २०१२ मध्ये उपचार घेऊन त्याच वर्षी परत खेळला. चिंचपेटी, त्याच्याकडं बघा. इच्छाशक्ती!

बार्शीलाईट | ५:१०

युवराजला दोन फुफ्फुसांच्या मधल्या जागेतला सेमिनोमा होता, जर्म सेल ट्यूमर. लिम्फोमा नव्हे. उपचार अमेरिकेत झाले आणि सप्टेंबर २०१२ मध्ये तो न्यूझीलंडविरुद्ध खेळला हे खरं.

पण वाटसरू, आमचा खरा वैताग ‘इच्छाशक्ती’चाच. माझ्या शेजारच्या खाटेवरचा माणूस माझ्याहून दसपट जिद्दीचा होता. किमोच्या दिवशी दाढी करून यायचा. तो गेला, मी राहिलो. त्याची इच्छाशक्ती कमी पडली असं मला कुणी सांगू नये. माझ्या पेशींना रिटुक्सिमॅब (आर-चॉपमधलं ‘आर’) लागू पडलं, एवढंच. १९९७ च्या आधी आजारी पडलो असतो तर ते औषध बाजारातच नव्हतं.

वाटसरू | ५:३२

मुद्दा पोचला.

मंगळवेढ्याची_माई | ६:१५

बार्शीलाईट भाऊ, त्या दाढीवाल्या माणसासाठी नमस्कार.

आमच्या लेकाचा खाण्याचा घोळ सांगते. किमोला जाताना त्याच्या डब्यात शेंगाचटणी आणि दही-भाकरी द्यायचे, त्याला आवडती म्हणून. आता शेंगाचटणीचा वास आला की त्याला उलटी होते. सोलापूर जिल्ह्यात राहून शेंगाचटणी नको म्हणणारा मुलगा, पाहुण्यांत केवढं स्पष्टीकरण द्यावं लागतं! म्हणून ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांना सांगते, डोसच्या दिवशी आवडतं काही खाऊ नका. नावडतं खा, ते गेलं तरी चालतं.

चिंचपेटी | ६:४०

माई, माझं तेच, पण संत्र्याच्या गोळीचं. शिरेत औषध सोडताना तोंडात धातूसारखी चव यायची, म्हणून नर्सताई ती गोळी द्यायच्या. आणि डीटीआयसीच्या (एबीव्हीडीतल्या ‘डी’च्या) बाटलीला उजेड लागू नये म्हणून काळा कागद गुंडाळलेला असायचा. परवा नवी पेठेत एका दुकानात काळ्या कागदात गुंडाळलेली बाटली दिसली. अत्तराची होती. मी दुकानाबाहेर येऊन पायरीवर बसले.

सातरस्ता | ६:५५

ताई, हे वाचून विनोद सुचला नाही. आयडीच्या इतिहासात पहिल्यांदाच.

कोरा_चहा | रात्री ८:३०

मुंबईला तपासणीला जाणं झेपत नाही अशांसाठी काही सोय आहे का? आमच्या शेजाऱ्यांना दर वेळी सिद्धेश्वर एक्स्प्रेसचा खर्च, मुक्काम, सोबत माणूस...

तिकीटबारी | ९:०५

रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी किंवा नियमित तपासणीसाठी जाता-येता सवलत आहे. स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाला १०० टक्के, सोबत्याला ७५ टक्के. हॉस्पिटलनं ठरलेल्या नमुन्यात दाखला द्यावा लागतो. उपचार संपलेत म्हणून लोक मागत नाहीत, पण तपासणीचा प्रवासही त्यात बसतो. दाखल्यावर शिक्का स्पष्ट असू द्या, खिडकीवर अर्धे वाद पुसट शिक्क्याचे.

बार्शीलाईट | ९:२०

आणि प्रत्येक गोष्टीला परळचं टाटा हॉस्पिटल गाठायची गरज नाही. आमच्या बार्शीत नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. भारतातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी बार्शीतच १९८७ मध्ये सुरू झाली, हे इथल्या लोकांनाच माहीत नसतं. आपल्या डॉक्टरांना विचारायचं, ‘यातली कुठली तपासणी जवळ चालेल?’ रक्त, एको, थायरॉईड सोलापुरात होतंच. मुंबईत मुक्काम करावाच लागला तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा.

सरकारी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किमो आणि रेडिएशन बसतं. रेशनकार्ड, आधार घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटायचं. आधी बिल भरून मग विचारू नका.

नीलमोहोर | ९:५०

बहिणीच्या सासरचे म्हणतात, दर सहा महिन्यांनी पेट करून घ्या म्हणजे मनाला शांती. डॉक्टर नको म्हणतात. पैसे वाचवायला सांगतात की काय कळत नाही.

सूक्ष्मदर्शक | १०:२२

नको म्हणतात ते योग्य. काही त्रास नसताना ठरावीक मुदतीनं पेट करत राहायचं नाही, हीच आजची पद्धत. डॉक्टरांचा हात, रक्त आणि तुमचं सांगणं यावर बहुतेक लक्ष ठेवता येतं. हॉजकिन उलटायचा तर बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत, म्हणून तेवढा काळ भेटी जवळजवळ असतात.

पेटमध्ये कॅन्सरखेरीज इतरही गोष्टी चमकतात. साधा संसर्ग चमकतो, टीबी चमकतो. तरुणांत किमोनंतर छातीतली थायमस ग्रंथी परत फुगते, तीही चमकते. स्कॅनच्या खोलीत थंडी वाजली तर मानेतली तपकिरी चरबी चमकते. मग त्या चमकण्यापायी पुन्हा सुई, पुन्हा जागरण. मनाला शांती राहते बाजूला.

धोटा | १०:३०

म्हणजे चादर घेऊन जायचं की. सोलापूरची.

सूक्ष्मदर्शक | १०:३३

खरंच न्या. स्कॅनच्या आधी ऊबदार ठेवतातच.

विमा_बिमा | १३ जानेवारी, सकाळी १०:१०

आरोग्यविम्याचं कुणी विचारलं नाही, तरी. कॅन्सर झालेल्याला पॉलिसी मिळतच नाही असं धरून बसू नका. २०२४ च्या नियमांनी आधीच्या आजारासाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली आहे. पाच वर्षं हप्ते नीट भरले की ‘माहिती लपवली’ म्हणून दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. हप्ता जास्त लागेल, काही कंपन्या नाहीच म्हणतील, पुढचं दार वाजवायचं. फॉर्ममध्ये आजार लिहायचाच. विम्यात आईचा सल्ला चालत नाही. आयकराची जुनी पद्धत घेत असाल तर कॅन्सरच्या उपचार खर्चाची ४०,००० पर्यंत वजावट आहे, ज्येष्ठांना एक लाख. चिंचपेटींना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार.

चिंचपेटी | १०:२५

माहीत आहे. पूर्ण ऑफिसचं मीच भरते. :)

राधाक्का | ११:५०

मी एरवी लिहीत नाही. मलाही हॉजकिन झाला होता, लग्नाआधी. सांगून लग्न केलं. सासूबाईंनी एकच विचारलं, “पोर होईल का?” माझ्या डॉक्टरांनी नवऱ्याला आणि सासूबाईंना समोर बसवून सांगितलं की एबीव्हीडीनं कायमचं वंध्यत्व येण्याचा धोका कमी असतो, फक्त पहिली दोन वर्षं थांबा. आज मुलगी बालवाडीत आहे. चिंचपेटी, मुलगा पसंत पडला तर त्याला एकदा डॉक्टरांकडं घेऊन जा. आपण सांगितलेलं लोकांना कमी वाटतं, पांढरा कोट बोलला की पटतं.

दुसरं, तिशीच्या आत छातीला रेडिएशन झालंय तर स्तनांची तपासणी इतर बायकांपेक्षा लवकर सुरू करतात, साधारण रेडिएशननंतर आठ वर्षांनी. तारीख लिहून ठेव. मला हे एका नर्सनं सांगितलं, नाहीतर कळलंही नसतं.

वाटसरू | दुपारी १२:१५

विचारू नये, पण विचारतो. आजार उलटला तर?

बार्शीलाईट | १२:४०

विचारायचंच की. आम्ही रोज विचारतो, फक्त मनात. पुन्हा वेगळी किमो, मग स्वतःच्याच मूळपेशी काढून परत देण्याचं प्रत्यारोपण. हॉजकिनमध्ये ब्रेंटुक्सिमॅब, निव्होलुमॅब अशी नवी औषधं आहेत. माझ्या जातीच्या, बी-पेशींच्या लिम्फोमात कार-टी पेशी, म्हणजे आपल्याच रोगप्रतिकारक पेशी बदल करून परत देतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलनं मिळून केलेल्या भारतीय कार-टीला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. महाग आहे, तरी परदेशातल्यापेक्षा कितीतरी कमी. ती बातमी मी कापून पाकिटात ठेवलीय. वापरायची वेळ येऊ नये.

चिंचपेटी | ८ फेब्रुवारी, रात्री ९:१०

धागा वर काढतेय.

टीएसएच चौदा निघालं. सूक्ष्मदर्शक, तुम्हाला साष्टांग. गोळी सुरू झालीय. थकवा पूर्ण गेला असं नाही, पण चारचे साडेपाच झालेत. वरिष्ठांच्या टेबलावर रिपोर्ट ठेवला. त्यांनी “बरं” म्हणून तो तसाच परत दिला. मार्चएंडचं अजून ठरायचंय.

गड्ड्यात जाऊन पाळण्यात बसले, धोटाभाऊ. परत बसणार नाही.

आता स्थळाचं. एकजण बघायला आले होते. मुलाला पहिल्याच भेटीत सांगितलं, रात्री काळाकोटांच्या सल्ल्यानं मेसेजही केला. त्यानं नीट प्रश्न विचारले, लिम्फोमा म्हणजे काय ते वाचूनही आला होता. चार दिवसांनी त्याच्या मामांचा फोन आला, “पत्रिका जुळत नाही.” पत्रिका त्यांनी भेटीच्या आधीच जुळवली होती. आई रात्रभर जागी. सकाळी म्हणाली, “पुढच्याला मीच सांगते. तू चहा आण.”

मंगळवेढ्याची_माई | ९:२५

तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. आणि त्या मामांना काय सांगायचं ते इथं लिहिता येत नाही, संपादक उडवतील.

अनघा_पुणे | ९:३०

तरीही माझं मत बदललेलं नाही. नंतर कळून मामांचा फोन आला असता तर?

चिंचपेटी | ९:४१

माझंही नाही बदललं. राग मात्र आला, तो येऊ दिला.

तळ्याकाठी | २३ फेब्रुवारी, रात्री ११:१५

नवीन आयडी. पूर्ण धागा आत्ता वाचला. वडिलांना डीएलबीसीएल, आर-चॉप चालू आहे, परवा तिसरा डोस झाला. तोंड आलंय, काही जात नाही. इतक्या रात्री कुणाला विचारू कळेना म्हणून इथं लिहितेय. काय खायला देऊ?

धोटा | ११:२०

कडक भाकरी अजिबात नको. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून, दुधात, गार करून द्या. काका तेवढ्यावर राहिला होता.

चिंचपेटी | ११:२४

कण्या चालतील, मुगाची पातळ खिचडी चालेल. तिखट-आंबट नको. मीठ-सोड्याच्या कोमट पाण्यानं दिवसातून चार-पाच वेळा चुळा भरायला लावा. पोट साफ होतंय का विचारा, आर-चॉपमधल्या व्हिन्क्रिस्टिननं फार कोंडतं आणि वडील माणसं आपणहून सांगत नाहीत. डिजिटल थर्मामीटर आहे का घरात? ताप १००.४ किंवा त्याच्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, आत्ता निघायचं. आत्ता किती आहे?

तळ्याकाठी | ११:३१

लावलाय. ९९.१.

चिंचपेटी | ११:३२

ठीक. तासाभरानं परत बघा आणि इथं लिहा. मी जागी आहे. हॉस्पिटलचा रात्रीचा नंबर आणि फाईल दाराजवळ काढून ठेवा.